उंची कमी, पण नेमकी कुठे?

भाचीने नोकरीच्या मुलाखतीसाठी एक काळा शीथ ड्रेस विकत आणला. तिची उंची 150 सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना थोडी कमी. ड्रेस गुडघ्याच्या बराच खाली, पोटरीवर येत होता. "मावशी, बाकी सगळं छान आहे, फक्त खालून कमी करून दे," म्हणाली. मीही टाचण्या लावल्या, खालून साडेनऊ सेंटिमीटर कापलं आणि तुरपाई करून दिली. संध्याकाळी ती तो घालून आरशासमोर उभी राहिली. लांबी आता बरोबर गुडघ्यावर आली होती. पण पाठीत कमरेच्या वर कापडाची आडवी वळकटी पडली होती, सीटवर कापड ताणलं होतं, मांडीशी मात्र उगीच सैल होतं आणि दोन पावलं टाकली तर तिसरं पाऊल आखूड पडत होतं. शिलाईत कुठेही चूक नव्हती. चूक माझ्या विचारात होती. तिची उंची कमी म्हणजे ती खालच्या बाजूला कमी, असं मी न तपासता धरून चालले होते.

तो ड्रेस वाया गेला. मग मी तिच्यासाठी दुसरा, कागदापासून बेतला. तो कसा बेतला ते इथे सांगते, कारण आपल्याकडे शिवणाऱ्या बहुतेकींना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास आहे. ज्याला परदेशी तक्ते ‘पेटीट’ म्हणून वेगळ्या रकान्यात टाकतात, तो बांधा आपल्या घरांत सर्वसाधारण आहे.

‘शीथ’ म्हणजे म्यान. या ड्रेसला हे नाव फार चपखल आहे. तलवारीचा बाक जिथे सुरू होतो तिथेच म्यानाचाही बाक लागतो. म्यान लांब झालं म्हणून टोक छाटलं तर बाक काही वर सरकत नाही. शीथ ड्रेसला चुण्या नसतात, घेर नसतो, बऱ्याचदा कमरेला जोडही नसतो. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सलग कापड आणि त्याला अंगाचा आकार देणारे टक्स, एवढंच त्याचं बांधकाम. त्याचाच सख्खा शेजारी शिफ्ट ड्रेस नुसता खांद्यावरून सरळ सुटतो, कमरेला धरत नाही, म्हणून तो बऱ्याच चुका पोटात घालतो. शीथ मात्र छाती, कंबर आणि सीट या तिन्ही ठिकाणी अंगाला भेटतो, आणि प्रत्येक भेट ठरलेल्या उंचीवरच व्हावी लागते.

आता आकडे बघू. आपल्याकडे शिलाईत इंचच बोलले जातात, पण इथे मी मुद्दाम सेंटिमीटर वापरते. फरक इतके बारीक आहेत की इंचात ते अष्टमांशांत अडकतात.

मध्यम उंचीच्या युरोपीय तक्त्यात मानेच्या मणक्यापासून कंबर साधारण 41 सेंमी असते, कमरेपासून सीट 20.5 आणि कमरेपासून गुडघा 58.5. भाचीची मापं घेतली तेव्हा तीच अंतरं 37, 18 आणि 53 भरली. एकूण लांबीतला फरक 99.5 वजा 90, म्हणजे साडेनऊ. मी खालून नेमकं तेवढंच कापलं होतं. पण त्या साडेनऊपैकी 4 सेंमी कमरेच्या वर जास्त होते, अडीच कंबर आणि सीट यांच्यामध्ये, आणि सीटच्या खाली फक्त 3. म्हणजे ड्रेसची कंबर तिच्या कमरेच्या 4 सेंमी खाली होती आणि ड्रेसची सीट तिच्या सीटच्या साडेसहा सेंमी खाली.

आरशात दिसलेलं सगळं यातूनच उलगडतं. ड्रेसची सर्वांत अरुंद जागा तिच्या शरीरावर अशा ठिकाणी आली, जिथे शरीर आधीच रुंदावायला लागलेलं असतं. अरुंद कापड रुंद जागी टिकत नाही. ते वर चढतं आणि कमरेवर जाऊन बसतं. चढताना वरचं 4 सेंमी कापड जाणार कुठे? त्याचीच पाठीत वळकटी झाली. सीटसाठी ठेवलेली रुंदी मांडीवर उतरली, म्हणून सीटवर ताण आणि मांडीशी झोळ. आणि मागची स्लिट मुळात 22 सेंमीची होती. साडेनऊ कापल्यावर साडेबारा उरली, म्हणून पाऊल अडलं.

या तक्त्यांचा उगमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची प्रत्येकी 59 मापं घेतली. त्यासाठी स्वेच्छेने पुढे आलेल्या आणि हिशेबात धरल्या गेलेल्या स्त्रिया गोऱ्या अमेरिकन होत्या. त्यावर उभं राहिलेलं कपड्यांच्या आकारांचं मानक 1958 साली निघालं. त्याआधी, 1940 च्या दशकातच, हॅना ट्रॉय या न्यूयॉर्कच्या डिझायनरच्या ध्यानात आलं की असंख्य स्त्रियांची कंबर तक्त्यापेक्षा वर असते, आणि तिने आखूड बांध्यासाठी वेगळे आकार काढले. जर्मनीच्या ‘बुर्डा’ मासिकाचे नमुने आजही 168 सेंमी उंची धरून काढलेले असतात. आखूड बांध्याचे त्यांचे आकार 160 सेंमीसाठी असतात आणि त्यांना निम्मा आकडा दिलेला असतो, म्हणजे 38 चा 19. आपली 150 ची मुलगी त्या 19 नंबरापासूनही दहा सेंटिमीटर लांब आहे. आपल्याकडे निफ्ट या फॅशन संस्थेने ‘इंडियासाइज’ या नावाने थ्रीडी स्कॅनरने भारतीय मापं गोळा करण्याचं काम हाती घेतलं, ते यासाठीच मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या टेलरिंगच्या पद्धतीत वेगळाच घोटाळा आहे. आपण थेट अंगावरून माप घेतो, ही मोठी जमेची बाजू. ब्लाउज शिवणारी कुठलीही बाई खांद्यापासून टक्स पॉइंटचं माप घेतल्याशिवाय कात्री उचलत नाही. पण ड्रेस आला की उभी मापं सोडून आपण आडाख्यावर जातो. छातीचा चौथा भाग मुंढ्याची खोली, हा त्यातलाच एक सोपा आडाखा. भाचीची छाती 84, म्हणून मुंढा 21. प्रत्यक्षात तिची खोली साडेएकोणीस भरते. छाती भरलेली आणि उंची कमी, अशा बाईला हा आडाखा हमखास खोल मुंढा देतो. घेरावरून उंची काढता येत नाही. हे एक वाक्य मी शिकायला येणाऱ्या मुलींना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

तेव्हा पहिलं काम उभ्या मापांचं. कमरेला एक अरुंद इलॅस्टिक बांधा आणि तिला बाजूला झुकायला सांगा. इलॅस्टिक आपोआप खरी कंबर शोधून तिथे बसतं. मान पुढे वाकवली की जो मणका ठळक वर येतो, तिथे पेनने ठिपका द्या. काखेखाली कागदाची एक सरळ पट्टी धरून ती पाठीवरून आडवी न्या आणि मणक्यापासून त्या पट्टीच्या वरच्या काठापर्यंत मोजा, ती मुंढ्याची खोली. मग मानेजवळच्या खांद्यापासून टक्स पॉइंट, तिथून कंबर, कमरेपासून सीटचा सर्वांत भरलेला भाग, कमरेपासून गुडघ्याचा मध्य. तिने सरळ उभं राहून समोर बघायचं. टेपकडे बघायला मान खाली घातली की पाठीचं माप एक सेंटिमीटरने वाढतं.

आता कागद. छाती, कंबर, सीट जुळेल असा तयार नमुना किंवा स्वतःचा मूळ ड्राफ्ट घ्या, ब्राउन पेपरवर उतरवा आणि त्यावर उभ्या धाग्याच्या रेषेला काटकोनात चार आडव्या रेषा काढा. पहिली मुंढ्याच्या मध्यावरून, दुसरी काख आणि कंबर यांच्या मधोमध, तिसरी कंबर आणि सीट यांच्या मधोमध, चौथी सीट आणि स्लिटचं वरचं टोक यांच्यामध्ये. पुढच्या आणि मागच्या भागावर रेषा एकाच पातळीत हव्यात. भाचीच्या ड्रेसमध्ये पहिल्या रेषेवर दीड सेंमीची घडी घातली, दुसरीवर अडीच, तिसरीवर अडीच, चौथीवर तीन. बेरीज साडेनऊच. कापड तेवढंच कमी झालं, पण प्रत्येक जागी तिथलं तिथे. घडी घातली की बाजूची रेषा आणि मुंढ्याची गोलाई तुटक होते, ती फ्रेंच कर्व्ह लावून पुन्हा सलग करा. बाही लावणार असाल तर बाहीच्या डोक्यालाही तेवढीच, दीड सेंमीची घडी घाला, नाहीतर बाही मुंढ्यात मावणार नाही.

पहिल्या घडीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ती बहुतेक जणी टाळतात. मुंढा उंच घेतला तर काखेत टोचेल, अशी भीती असते. खरं तर खोल मुंढाच हात अडवतो. काखेखालचं कापड जितकं खाली, तितका हात उचलताना तो अख्खा ड्रेस वर ओढतो. मुंढा काखेला जवळ असला की हात वर गेला तरी कंबर जागची हलत नाही. बिनबाहीच्या ड्रेसला तर तो आणखी दीड सेंमी उंच चालतो, आतले कपडेही दिसत नाहीत. बसच्या दांडीला लोंबकळणाऱ्या मुलीसाठी हा दीड सेंटिमीटर बाकी सगळ्या सजावटीपेक्षा महत्त्वाचा आहे.

टक्स पॉइंट वेगळा तपासा. मूळ नमुन्यात तो खांद्यापासून साडेसव्वीस सेंमीवर होता. वरच्या घडीने तो 25 वर आला, पण भाचीचा 24 भरतो. म्हणून अख्खा टक्स आणखी एक सेंमी वर सरकवला. बांधा आखूड म्हणजे छाती लहान, असंही धरू नका. छाती भरलेली असेल तर पुढच्या भागात तिच्यासाठी वेगळी जागा काढावी लागते, आणि ती जागा टक्समध्ये घालायची. बाजूची शिवण सैल करून मिळालेली जागा काखेत जाऊन बसते.

कमरेचा आकार कसा वाटायचा, हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो. भाचीची छाती 84, कंबर 68, सीट 90. हालचालीसाठी छातीला 5, कमरेला 3 आणि सीटला साडेचार सैल दिले की कापडाची मापं होतात 89, 71 आणि 94.5. छाती आणि कंबर यांतला फरक 18 सेंमी. अंगाच्या प्रत्येक पाव भागाला साडेचार आले. पुढच्या पावात 3 सेंमी टक्समध्ये घेतले आणि दीड बाजूच्या शिवणीत. मागच्या पावात 2 टक्समध्ये, दीड बाजूला आणि एक सेंमी पाठीच्या मधल्या शिवणीत. पाठीला तिथे नैसर्गिक बाक असतो, म्हणून मधली शिवण सरळ ठेवणं ही मोठी संधी वाया घालवणं आहे.

इथे आखूड बांध्याची एक खास अडचण समोर येते. शीथचा कमरेचा टक्स माशाच्या आकाराचा असतो, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. उभी अंतरं कमी केली की हा मासाही आखूड होतो, पण त्याची रुंदी तेवढीच राहते. 3 सेंमीचा टक्स साडेबारा सेंमीत मिटवायचा आणि तोच दहा सेंमीत मिटवायचा, यात टोकाचा कोन बदलतो. कोन उघडा झाला की टोकाशी कापडाचा फुगा येतो आणि कितीही इस्त्री केली तरी तो जात नाही. मी आधी पोटावरच्या टोकाशी असाच फुगा आणला होता. उपाय दोन. एका रुंद टक्सऐवजी दीड-दीड सेंमीचे दोन टक्स घ्या, त्यांच्यात तीन सेंमी अंतर ठेवून. नाहीतर प्रिन्सेस कट घ्या, म्हणजे टक्स मिटवण्याचा प्रश्नच उरत नाही. उभी शिवण तो फरक लांबवर विरघळवते. भाचीला मी दोन टक्स दिले. वरचं टोक टक्स पॉइंटच्या अडीच सेंमी खाली थांबवलं, खालचं कमरेपासून 9 सेंमीवर. मागचे टक्स थोडे लांब, कमरेखाली 11 पर्यंत नेले, कारण मागची गोलाई पोटापेक्षा खाली सुरू होते.

एवढं झालं की कात्री चांगल्या कापडाला लावायचा मोह होतो. तो आवरा आणि आधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवा. त्यावर छाती, कंबर, सीट या रेषा रंगीत दोऱ्याने धावदोरा घालून दाखवा आणि शिवणी मशीनवर लांब टाक्याने घाला, म्हणजे उसवायला सोप्या. तिला नेहमीचे आतले कपडे आणि मुलाखतीची चप्पल घालून उभं करा. तिन्ही रंगीत रेषा जमिनीशी समांतर दिसायला हव्यात. एखादी रेषा पाठीत खाली झुकली तर तिथे कापड जास्त आहे.

पाठीत कमरेवर पुन्हा आडवी घडी दिसली तर लगेच टाचणीने उचलू नका. आधी सीटजवळची बाजूची शिवण दहा सेंमी उसवा. ड्रेस खाली सरकून घडी नाहीशी झाली, तर दोष पाठीचा नव्हताच. सीट घट्ट होती आणि कापड वर चढत होतं. बाजूला जागा द्या. घडी तशीच राहिली, तर मात्र पाठीचा बाक खोल आहे. मग पाठीच्या मध्यावर ती घडी टाचणीत धरा, बाजूच्या शिवणीपर्यंत शून्यावर आणा आणि तेवढं कागदावर कमी करा. भाचीच्या पाठीत अजून एक सेंमी निघालं. छातीपासून काखेकडे तिरप्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर छातीला जागा कमी आहे. गळा उघडा पडत असेल तर अर्धा-पाऊण सेंमी चिमटीत धरून तो टक्समध्ये वळवा.

कापड मध्यम वजनाचं, थोडं अंग धरणारं घ्या. वुलन क्रेप हे या ड्रेसचं जुनं आवडतं कापड, पण आपल्या हवेत मी टेरीवूल सूटिंग, जाडसर कॉटन सॅटिन किंवा अस्तर लावलेलं टसर सुचवेन. 58 इंच पन्ह्यात या मापाला सव्वा मीटर पुरतं, 44 इंच पन्ह्यात दोन मीटर धरा. रुंद काठ खाली आडवा घालायचा विचार असेल तर अंगाला लावून एकदा बघा. गुडघ्यापर्यंतच्या लांबीत सहा इंचांचा काठ फार जागा खातो. अस्तराला पॉलिस्टर सॅटिनपेक्षा मलमल किंवा केंब्रिक घ्या, घाम टिपतं. अस्तराच्या टक्सची माया बाहेरच्या टक्सच्या उलट बाजूला पाडा, म्हणजे चार थर एकावर एक येत नाहीत.

शिवताना गळा आणि मुंढा कापल्याबरोबर काठाजवळ एक शिलाई मारून ठेवा, नाहीतर तो तिरका भाग हाताळताना ताणला जातो. टक्स कमरेपासून सुरू करून एकेका टोकाकडे न्या. टोकाशी शेवटचे तीन-चार टाके अगदी घडीच्या काठावरून घ्या आणि मशीन उलटं न फिरवता दोरा सोडून हाताने गाठ मारा. कमरेशी टक्सच्या घडीला एक छोटा काप द्या, मग ती घडी बाकाबरोबर वळते. इस्त्री सपाट टेबलावर करू नका. भुसा घट्ट भरलेली गोल उशी घ्या आणि टक्स तिच्यावर ठेवून वाफ द्या. सपाट टेबलावर केलेली इस्त्री तुम्ही शिवलेला आकार पुन्हा चपटा करते. खांदे जोडून अस्तर गळ्याला आणि मुंढ्याला लावा, मागचे भाग खांद्यातून उलटवून बाहेर काढा, मग बाजू शिवा. बाजूच्या शिवणीला दोन सेंमी माया ठेवा. शेवटची दुरुस्ती तिथेच होते आणि पुढच्या वर्षीचीही. कन्सिल चेन सगळ्यात शेवटी. ती सीटच्या भरलेल्या भागाच्या चार-पाच सेंमी वर संपायला हवी. या उंचीला 48 सेंमीच्या आसपास चेन पुरते.

खालची रुंदी मी दोन्ही बाजूंना एकेक सेंमी आत घेतली, त्यानेच शीथचा सरळ निमुळता आकार येतो. पण तेवढी रुंदी आत घेतली तर पाऊल टाकायला स्लिट हवीच. सीटपासून खालपर्यंत 35 सेंमी अंतर होतं, त्यात 17 सेंमीची स्लिट ठेवली. तिच्या वरच्या टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा लावून बळकट केलं, कारण जिना चढताना सगळा ताण तिथे येतो.

खालची घडी मात्र त्या दिवशी घातली नाही. ड्रेस रात्रभर हँगरवर लटकवला, दुसऱ्या दिवशी भाचीला चप्पल घालून उभं केलं आणि जमिनीपासून पट्टीने मोजत खडूच्या खुणा केल्या. मागे सीटच्या गोलाईमुळे पाऊण सेंमी जास्त लागलं. चार सेंमीची घडी आत वळवली, एकेरी दोऱ्याने आणि बाहेरच्या कापडाचा एकच धागा उचलत तुरपाई घातली. मग तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, उठायला सांगितलं, कपाटाच्या वरच्या फळीवरची बॅग काढायला सांगितली. हात वर गेला, बॅग खाली आली आणि ड्रेसची कंबर होती तिथेच राहिली.